नाव तेच, टायर दुसरा: नवी आवृत्ती पटत नाही तेव्हा काय करायचं?

साताऱ्याच्या एका गाडीवाल्यांचा प्रश्न आहे. गाडी जुन्या इंजिनाची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. टायरचं माप पुढे ९०/९०-१९, मागे ११०/९०-१८, दोन्हीकडे तारांची रिम आणि ट्यूब. एकाच कंपनीच्या एकाच नावाचे मागचे तीन टायर त्यांनी झिजवले, पुढचा दुसरा अजून गाडीवर आहे. भर पावसात कुंभार्ली आणि वरंधा उतरले, कधी तक्रार नाही. यंदा मागचा बदलायला गेले तर दुकानदाराने त्याच नावाचा टायर काढून दिला, पण नक्षी वेगळी, वजनाला हलका आणि किंमत चढी. बसवल्यापासून गाडी वळणात "आपसूक आत पडते", डांबर खरवडलेल्या रस्त्यावर डुलते आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर पोटात गोळा येतो. कंपनीकडून "नवा टायर जुन्यापेक्षा सरस आहे" एवढंच उत्तर मिळालं. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कंपनीने चांगला टायर बिघडवला का? जुन्या मालातले दोन-तीन जोड मिळवून घरी ठेवावेत का? आणि नाहीतर पुढे काय घ्यावं?

टायर विकणं, बसवणं आणि तक्रार आलेले टायर कंपनीच्या माणसांबरोबर बसून तपासणं, हे मी पंचवीसेक वर्षं करतोय. प्रश्नात कंपनीचं नाव आहे. ते मी इथे घेत नाही, कारण हा अनुभव कुठल्याही कंपनीच्या टायरचा असू शकतो.

आधी सरळ उत्तर देतो. टायर बदललाय, हे तुमचं शंभर टक्के खरं. तो बिघडलाय की नाही, हे आजच्या तुमच्या गाडीवरून सांगता येणार नाही, कारण तुम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्यात, आवृत्ती बदलली आणि झिजलेल्याच्या जागी कोरा टायर आणला, आणि दोष एकीलाच देताय. जुन्या मालाचा साठा करू नका.

आता खोलात जाऊ. गिऱ्हाईक टायर ओळखतं नक्षीवरून, कारण डोळ्याला तेवढंच दिसतं. पण हाताला आणि बुडाला जे जाणवतं त्यात नक्षीचा वाटा लोक समजतात त्याहून बराच कमी असतो. आतला सांगाडा, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यांचे थर किती, किती ताठ आणि कोणत्या कोनात घातलेत, त्यावर खड्ड्यातला दणका आणि वळणातला ठामपणा ठरतो. आडव्या छेदातली गोलाई किती उभट आणि किती पसरट, त्यावर गाडी किती चटकन झुकते ते ठरतं. रबराच्या मिश्रणावर पकड आणि झीज. कोरड्या डांबरावर पकड धरतं ते रबरच. नक्षीचं मुख्य काम पाणी बाहेर काढणं. त्याशिवाय ती आवाज करते आणि मातीत थोडी धरते. म्हणून "नक्षी बदलली आणि टायर वाया गेला" असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा नक्षी सोडून बाकीच्या तिन्ही गोष्टी बघतो.

तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिली, गाडी आत पडण्याची, घ्या. मागचा जुना टायर तुम्ही काढला तेव्हा तो मधोमध सपाट झाला असणार. महामार्गावर सरळ चालणाऱ्या गाडीचं मागचं चाक असंच चौकोनी होत जातं. त्या सपाट पट्ट्यावरून कडेला जायला गाडीला जरा ढकलावं लागतं आणि आपल्याला वर्षभरात त्या ढकलण्याची सवय होते. ही झीज इतकी हळू होते की गाडी जड झाल्याचं कळतच नाही. मग पूर्ण गोल नवा टायर येतो आणि गाडी नुसत्या इशाऱ्यावर झुकते. शिवाय जुन्याची नक्षी सात मिलिमीटरवरून दोनवर आली असेल, तर नव्याने गाडीचं मागचं टोक पाच मिलिमीटर वर उचललं. तेवढ्यानेही पुढच्या फोर्कचा कोन किंचित उभा होतो आणि वळण आणखी चपळ होतं. हे सगळं जुन्याच टायरचा नवा नग बसवला असता तरी झालं असतं. मागच्या वेळी झालंही असणार, पण तेव्हा नक्षी तीच होती म्हणून तुम्ही मनावर घेतलं नाही.

आता पुढचा टायर. तुमच्या हिशेबाने तो एक अख्खा मागचा टायर संपेपर्यंत चालला आहे. बहुतेक क्लासिकवर दोन मागचे झिजेपर्यंत पुढचा एक पुरतो, म्हणजे हा अर्ध्या आयुष्यावर आला. पुढचा टायर मधोमध कमी आणि खांद्यांवर जास्त झिजतो, विशेषतः घाटात ब्रेक धरून उतरणाऱ्यांचा. त्याचा छेद हळूहळू घराच्या छपरासारखा होतो. छपराच्या कण्यावरून उतारावर गेलं की जे होतं तेच गाडीचं होतं: थोडा वेळ काही नाही आणि मग एकदम आत. ब्रेकच्या ओढीने नक्षीच्या ठोकळ्यांना करवतीसारखी दातेरी झीज येते, ती वेगळीच. तळहात टायरवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत लागलं तर दातेरी झीज आहे. आणखी एक गंमत बघा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवं वळण आपल्याला बाहेरच्या अंगाने, लांब पडतं. म्हणून टायरची उजवी बाजू डावीपेक्षा बरेचदा जास्त झिजलेली असते. असा एकांगी झिजलेला पुढचा आणि पूर्ण गोल मागचा एकत्र आले की गाडी एका बाजूला चपळ आणि दुसऱ्या बाजूला मंद वाटते.

तेव्हा आत पडण्याच्या तक्रारीत माझा पहिला संशय पुढच्या जुन्या टायरवर आहे. कंपनी पुढचा आणि मागचा जोडीने बनवते आणि जोडीनेच चाचणी घेते. जुन्या आवृत्तीचा पुढचा आणि नव्या आवृत्तीचा मागचा अशी जोडी तिने बहुधा तपासलेलीच नसते. आपल्या बाजारात मात्र नवा टायर जवळजवळ प्रत्येकाच्या गाडीवर आधी एकटा मागेच येतो. नव्या आवृत्तीबद्दलची निम्मी नाराजी मला याच काळातली वाटते, आणि कंपन्या हे पाकिटावर का लिहीत नाहीत ते मला कधीच कळलं नाही.

खरवडलेल्या रस्त्याचं वेगळं आहे. डांबराचा वरचा थर यंत्राने काढतात तेव्हा मागे उभ्या, रस्त्याच्या दिशेने जाणाऱ्या बारीक चऱ्या राहतात. टायरच्या मध्यावर सलग खाच असेल तर ती या चऱ्यांत रुळासारखी बसते-निसटते आणि गाडी डुलते. इथे नक्षीचा दोष खरा असू शकतो. तुमच्या नव्या टायरला मध्यावर सलग खाच असेल आणि जुन्याला नसेल, तर हा फरक कायमचा आहे, सवयीने फक्त सुसह्य होईल. डुलणं पाडणारं नसतं. हँडल घट्ट आवळलं की ते वाढतं, हात सैल सोडले की कमी होतं.

ओल्या पट्ट्याबद्दल घाईने निकाल देऊ नका. रस्त्यावरचा रंग डांबराचा खरखरीतपणा बुजवतो, त्यामुळे तिथे कुठलाही टायर कमी धरतो. त्यात नवा टायर साच्यातून निघालेला, चकचकीत. पहिले दीडशे किलोमीटर तरी सांभाळून चालवा आणि कडेचा भाग झुकवत-झुकवत वापरात आणा, असं बहुतेक टायर कंपन्या सांगतात. दीडशेनंतरही, हवा बरोबर असताना, त्याच पट्ट्यावर तेच होत असेल तर मग रबराकडे बोट दाखवता येईल.

रबर हाच या सगळ्यातला सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत मोठा बदल. पूर्वी रबराला बळकटी यायची ती काजळीने, म्हणजे कार्बन ब्लॅकने. टायर काळा असतो तो त्यामुळेच. मिशेलिनने १९९२ मध्ये मोटारीच्या टायरमध्ये काजळीच्या बऱ्याच भागाऐवजी सिलिका, म्हणजे वाळूत असतं त्याच द्रव्याची बारीक पूड, घातली आणि पुढे ती दुचाकीच्या टायरमध्येही आली. सिलिकाने ओल्यातली पकड सुधारते आणि टायर फिरताना वाया जाणारी ताकद कमी होते, म्हणजे पेट्रोलही वाचतं. पण बसणं आणि दबणं याचा हाताला येणारा अंदाज बदलतो. कारखान्यातले लोक पकड, झीज आणि लोळणीचा विरोध (म्हणजे फिरताना वाया जाणारी तीच ताकद) यांना त्रिकोणाची तीन टोकं म्हणतात. एक टोक ओढलं की दुसरं आखडतं. सिलिकेने तो त्रिकोण थोडा मोठा केला, पण मोडला नाही. त्यामुळे नव्या आवृत्तीत "ओल्यात सरस" लिहिलं असेल तर विचारा की किंमत कुणी मोजली, झिजेने की खिशाने.

याचं मला आवडणारं उदाहरण ब्रिजस्टोनच्या बॅटलॅक्स बीटी-४५ चं. बायस, म्हणजे तिरप्या दोऱ्यांच्या बांधणीचे टायर लागणाऱ्या जुन्या धाटणीच्या गाड्यांसाठी हा टायर युरोपात वर्षानुवर्षं चालला. त्यावर जीव टाकणारी माणसं होती. मग बीटी-४६ आला, २०२० च्या हंगामासाठी. कंपनीने नक्षी जवळपास तीच ठेवली आणि मागच्या टायरच्या रबरात सिलिका घातली, ओल्यातल्या पकडीसाठी. लोकांना ओळखीचं ते तसंच ठेवलं, कमकुवत बाजू तेवढी दुरुस्त केली आणि आकडा एकने वाढवून बदल उघड सांगितला. आवृत्ती बदलायची तर अशी. मिशेलिननेही पायलट रोडचे २, ३, ४ आणि मग रोड ५, रोड ६ असे आकडे चढवत नेले. कुणाला ४ आवडला, कुणाला ५, पण आपण काय घेतोय ते गिऱ्हाइकाला कळत होतं.

उलटंही घडतं: नाव तेच, नक्षी तीच, रबर दुसरं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून बनणाऱ्या टायरांत रबर मऊ करायला वापरल्या जाणाऱ्या तेलांवर मर्यादा घातली. बेंझो-ए-पायरीन हे रसायन तेलात किलोमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि त्या कुळातल्या आठ घातक रसायनांची बेरीज १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. नियम योग्यच होता, ती रसायनं कर्करोगाला कारण ठरतात. पण त्यामुळे तिथे विकायच्या कितीतरी टायरांची मिश्रणं नव्याने बांधावी लागली, आणि टायरच्या बाजूवर तसं काही लिहावं लागत नव्हतं. तुम्ही ज्याला "तोच जुना" म्हणता त्याच्या पोटातही अशी उलथापालथ एखाद वेळेस होऊन गेलेली असू शकते आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या शौकिनांना डनलॉपचा टीटी-१०० माहीत असेल. मूळ नाव के-८१. १९६९ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या "टीटी" शर्यतीत माल्कम अपहिलने ट्रायम्फ बॉनव्हिलवर ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारली आणि टायरला ते नाव चिकटलं. ती नक्षी आजही मिळते. नक्षी १९६९ ची आहे म्हणून रबरही १९६९ चं असावं, असा हट्ट मात्र तो घेणाराही करणार नाही.

कंपन्या बदल करतात ते नेहमी गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी नसतं, हेही सांगायला हवं. साचे झिजतात, नवे करायचेच असतात, मग नक्षीही नवी. नैसर्गिक रबराचा भाव वरखाली होतो, काजळी आणि कृत्रिम रबर दोन्ही खनिज तेलाच्या भावाला बांधलेले. गाडी बनवणाऱ्यांना मायलेजचा आकडा हवा असतो, म्हणून ते हलका आणि कमी विरोधाचा टायर मागतात. त्यांची मागणी मोठी, तुमची-माझी किरकोळ, तेव्हा मिश्रण कुणाच्या मर्जीने ठरतं ते उघड आहे. वजन घटलंय हे तुम्ही हाताने ओळखलंत, ते बरं केलंत. पण हलका म्हणजे कमी थरांचा, असा अर्थ लगेच काढू नका. खाच किती खोल आणि खांद्यावर रबर किती जाड, यावरही वजन बदलतं. नाव न बदलता सगळंच बदलणं मात्र मला पटत नाही. नावावर विश्वास ठेवून माणूस न बघता पैसे टाकतो. त्या विश्वासावर दुसरा माल खपवायचा आणि वर "सरस आहे" म्हणायचं, यावर तुमचा राग योग्य आहे.

आता गाडीवर काय करायचं ते सांगतो. सकाळी, गाडी थंड असताना, चांगल्या मापकाने हवा बघा. पंपावरच्या मापकांत दोन-तीन पौंडांची तफावत सहज असते. आकडा पुस्तिकेतला किंवा गाडीवरच्या स्टिकरवरचा घ्या, टायरच्या बाजूवर छापलेला कमाल आकडा भरू नका. नवा टायर बसवताना बीड, म्हणजे टायरची रिमला धरणारी कड, रिमवर बसावी म्हणून दुकानात हवा जास्त भरतात, आणि ती उतरवायची बरेचदा राहून जाते. "ओल्यात भरवसा नाही" म्हणून आलेल्या गाड्यांत मला हे वारंवार सापडलंय. मग बाजूवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते चाक फिरवून पाहा, बाणाची दिशा पाहा, चाकाची रेषा पाहा. साखळी ताणताना मागचा आस एका बाजूला तिरका राहिला तरी गाडी एका अंगाला ओढते आणि शिव्या टायरला बसतात.

हे झालं की पुढच्या टायरची खोली मध्यावर आणि दोन्ही खांद्यांवर मोजा. मापक शे-दोनशे रुपयांत मिळतं. कायद्याने दुचाकीला ०.८ मिलिमीटर खोली पुरते, पण पावसाळी घाटाला ती पुरत नाही. मी दोनच्या खाली गेलेला पुढचा टायर कोकणात घेऊन जाऊ देत नाही. तुमचा खांद्यांवर छपरासारखा झिजला असेल तर तो बदला, नव्याच आवृत्तीचा घ्या आणि मग पाचशेएक किलोमीटर चालवा. एवढं करूनही वरंध्यात मन बसलं नाही तर टायर तुमच्यासाठी चुकीचा आहे, तिथे माझा वाद नाही.

जुन्या मालाचा मोह आवरा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. दुकानात पडून असलेला वर्ष-दीड वर्षाचा, सावलीत उभा ठेवलेला टायर बिनधास्त घ्या. एक मागचा मिळाला तर घ्या आणि लगेच लावा, म्हणजे पुढच्या जुन्याशी त्याची जोडीही जमेल. पण तीन जोड घेऊन माळ्यावर टाकलेत तर तिसरा निघेपर्यंत रबर कडक झालेलं असेल. पत्र्याखालचा उकाडा, ऊन, आणि विजेच्या मोटरजवळ तयार होणारा ओझोन, तिन्ही रबर खातात. खिळ्याला टांगलेल्या टायरचा आकारही बिघडतो. सहा-सात वर्षांचा जुना "आवडता" टायर ओल्यात आजच्या नावडत्या टायरपेक्षा वाईट धरेल.

दुसरा टायर निवडायचा असेल तर नाव बाजूला ठेवा आणि जुन्यातलं नेमकं काय आवडायचं ते एका वाक्यात लिहून काढा. तुमच्या बाबतीत ते "पावसाळी घाटात अंदाज येणारा" असं दिसतंय. म्हणजे मध्यावर सलग खाच नसलेली, खांद्यापर्यंत आडव्या खाचा गेलेली नक्षी आणि फार उभट नसलेली गोलाई. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, जेके, अपोलो हे सगळे दुचाकीचे टायर करतात. तुमच्या मापात दुकानात काय आहे ते शेजारी ठेवून बघा. परदेशी नावांच्या फार मागे लागू नका. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली आणि तेव्हापासून ती मापं मिळण्याचा भरवसा कमी झाला.

माप मात्र तेच ठेवा. "मागे १२०/८० टाका, गाडी भारी दिसते" असं कोणीतरी सांगणारच. ११०/९०-१८ चा व्यास साधारण ६५५ मिलिमीटर, १२०/८०-१८ चा ६४९, म्हणजे फरक फार नाही. पण रिमची रुंदी तीच राहते. रुंद टायर अरुंद रिमवर चिमटला जातो, त्याची गोलाई उभट होते, आणि तुमची तक्रारच मुळी आत पडण्याची आहे. भार आणि वेगाचा आकडाही जुन्याच्या खाली नको. बाजूवर ६१पी असेल तर ६१ म्हणजे २५७ किलो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. आयएसआयचा शिक्का, आयएस १५६२७ या मानकाचा, हवाच. तो नसलेला टायर कितीही स्वस्त असला तरी परत द्या.

कंपनीकडे तक्रार करायची असेल तर हमीच्या खात्यातून करू नका. हमी बनावटीच्या दोषावर असते: फुगा येणं, थर सुटणं, बीड वाकडी असणं. त्यातही उरलेल्या नक्षीच्या प्रमाणातच भरपाई मिळते. "आवडला नाही" हा दोष धरत नाहीत. वेगळं पत्र लिहा. त्यात दोन्ही टायरांचे तारखेचे आकडे, झालेले किलोमीटर, थंड हवेचा दाब, पुढच्याची तीन ठिकाणची खोली, आणि कुठल्या रस्त्यावर, किती वेगाला काय झालं ते द्या. टायर तपासायला येणारा अभियंता "पूर्वीसारखा राहिला नाही" या वाक्याचं काहीच करू शकत नाही. "ताशी ४० ला, ओल्या पट्ट्यावर, मागचं चाक, २८ पौंड, ६०० किलोमीटरनंतर" एवढं लिहिलं असलं की त्याला ते वर पाठवावंच लागतं. दुकानदारालाही एक प्रत द्या. वितरकाकडे महिन्याच्या मागणीबरोबर तोंडी तक्रारीही जातात, आणि माल परत येऊ लागला की त्या फार लवकर ऐकल्या जातात.

आणि पुढचा टायर बदलाल तेव्हा ट्यूब आणि रिमटेपही (तारांच्या टोकांपासून ट्यूब वाचवणारी पट्टी) नवी टाका. ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घडी पडून बसते, आणि कुंभार्लीच्या मध्यावर पंक्चर काढायला रात्री कोणी भेटत नाही.